नाशिकच्या मेडिकलमधून आतड्यांसाठी आणि फुप्फुसांसाठी काय घ्यावे, काय ठेवून द्यावे

गोळे कॉलनीच्या घाऊक दुकानांत जा किंवा गंगापूर रोडवरच्या एसी मेडिकलमध्ये, दोन फळ्या आता हमखास दिसतात. एकीवर ‘गट हेल्थ’चे, म्हणजे आतड्याच्या आरोग्याचे, डबे, दुसरीवर ‘लंग केअर’ची सिरप, थेंब आणि यंत्रे. जुलाबात पाणी भरून काढणाऱ्या मीठ-साखरेच्या, म्हणजे ओआरएसच्या, पुड्या बहुतेक ठिकाणी खाली खोक्यात असतात, मागितल्या तर मिळतात. हा रिव्ह्यू त्या सगळ्या मालाचा आहे. बघायचे एवढेच, की आतड्याच्या आणि फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला संसर्गापासून किंवा इजेपासून ही वस्तू खरोखर वाचवते का, आणि तेवढ्या पैशांची आहे का.

निकाल आधीच सांगून टाकतो. ओआरएसची साधी पुडी, झिंकच्या गोळ्या आणि चेहऱ्यावर नीट बसणारा एन९५ मास्क, या तीन गोष्टींवर डोळे झाकून खर्च करा. नेब्युलायझर डॉक्टरांनी सांगितला तरच. प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जंतूंची औषधे, मोजक्या प्रसंगी. ग्लुटामिन या अमिनो आम्लाचा डबा बहुतेकांनी घेऊ नये. आतड्याचे अस्तर गळते का ते सांगते म्हणून विकली जाणारी झोन्युलिनची तपासणी कोणीच करू नये.

लहान आतड्याचे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचे असते. शेजारशेजारच्या पेशी वरच्या टोकाशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. १९६३ मध्ये फार्कर आणि पलाडे यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहून या सांध्यांचे नेमके वर्णन केले. त्यांतले मुख्य प्रथिन, क्लॉडिन, १९९८ मध्ये जपानच्या त्सुकिता यांच्या प्रयोगशाळेत सापडले. हे सांधे क्षार आणि पाणी हिशेबाने सोडतात. जंतू आणि त्यांची विषे अडवतात. पेशी स्वतः तीन ते पाच दिवसांत गळतात आणि खालून नव्या येतात. फुप्फुसात तर हवेची पिशवी आणि शेजारची केशवाहिनी यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. वरच्या श्वासनलिकांमध्ये चिकट द्रवाचा थर आणि तो घशाकडे ढकलत राहणारे सूक्ष्म केस असतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे समजवायला नको: मण्याची साल शाबूत तोवर बुरशी बाहेर, अवकाळीने मणी तडकला की घड हातचा गेला.

म्हणून काउंटरवरच्या कुठल्याही वस्तूला दोनच प्रश्न विचारायचे. इजा करणारी गोष्ट अस्तरापर्यंत पोचण्याआधी ती अडवते का? आणि इजा झालीच, तर नव्या पेशी येईपर्यंत जुन्यांना रक्त, पाणी आणि अन्न मिळत राहील अशी सोय करते का? ‘अस्तर सील करते’ असे डब्यावर छापलेले असले तरी तोंडावाटे घेतलेली पावडर जाऊन सांधे चिकटवते असे घडत नाही.

ओआरएस: पुडी उत्तम, बिघडते ते कालवताना

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरवलेले सूत्र असे आहे: एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम. यातून सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल मिळतात आणि द्रावणाची एकूण तीव्रता २४५ मिलिऑस्मोल राहते. जुन्या सूत्रात ती ३११ होती. ती कमी केल्यावर उलट्या आणि जुलाबाचे प्रमाण घटले, सलाइन लावायची वेळही कमी येऊ लागली.

सोडियम आणि ग्लुकोज सारखेच का, हे कळले की पुडीत फेरफार करायचा मोह होत नाही. आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावर एक वाहक प्रथिन आहे. ते ग्लुकोज आत घेताना सोबत सोडियमही ओढते आणि त्यामागोमाग पाणी येते. कॉलऱ्याचे विष पेशीतून क्लोराइड आणि पाणी बाहेर सोडायला लावते, पण या वाहकाला हात लावत नाही. जुलाब चालू असतानाही पाणी आत घेता येते ते यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच तत्त्वावरचे द्रावण पिंपांतून वाटले आणि मृत्यू झपाट्याने खाली आणले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. अस्तराच्या दृष्टीने फायदा सरळ आहे: शरीरातले पाणी घटले की आतड्याचा रक्तपुरवठा सर्वांत आधी आखडतो आणि रक्ताविना पेशी तुटू लागतात. ओआरएस जुलाब थांबवत नाही. त्याची ती जबाबदारीच नाही, आणि ‘पुडी दिली तरी जुलाब चालूच आहेत’ म्हणून ती बंद करणे ही घरोघरी होणारी चूक आहे.

बाजारात दोन आकार मिळतात. मोठी पुडी एक लिटरची, सुगंध वगैरे धरून वजन एकवीस-बावीस ग्रॅम. छोटी पुडी २०० मिलीलिटरची, चार ग्रॅमच्या थोडी वर. दोन्हींचे रंग आणि चित्रे सारखी असतात आणि गोंधळ इथेच होतो. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात टाकली तर द्रावण पाचपट तीव्र होते. मग आतडे पाणी आत घेण्याऐवजी रक्तातून बाहेर सोडते, जुलाब वाढतात, आणि लहान मुलाच्या रक्तात सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. पुडी हातात घेतल्यावर ‘किती पाण्यात’ हा आकडा मोठ्याने वाचा आणि दुकानदाराकडून पेनाने त्यावर गोल करून घ्या. चांगले दुकानदार न सांगता करतात.

माप हा दुसरा खड्डा. घरातला तांब्या किंवा गडू किती पाण्याचा आहे हे कोणालाच ठाऊक नसते. सर्वांत खात्रीचे माप म्हणजे पाण्याची एक लिटरची सीलबंद बाटली. रिकामी झाली तरी जपून ठेवावी. ती नसेल तर दूधवाल्याचे लिटरचे माप चालते. पाणी आधी उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग पुडी टाका. कालवलेले द्रावण पुन्हा उकळायचे नाही. अर्धी पुडी अर्ध्या लिटरात, असे करू नका. पुडीत क्षार आणि ग्लुकोजचे कण सारखे मिसळलेले राहत नाहीत, जड कण खाली बसतात आणि अर्ध्या पुडीत कशाचे प्रमाण किती आले ते कळत नाही. मूल लहान असेल आणि लिटर वाया जाईल असे वाटत असेल, तर छोट्या पुड्याच घ्या. वरून साखर, लिंबू, ग्लुकोज पावडर काही नको. चोवीस तासांनी उरलेले फेकून द्या.

पाजायचे किती? दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलीलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलीलिटर, त्यापुढे मागेल तेवढे. पाणी कमी झाल्याची लक्षणे दिसू लागली असतील, तर दवाखान्याच्या देखरेखीखाली चार तासांत किलोला ७५ मिलीलिटर देतात, म्हणजे दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि नंतर दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. बाटलीने गटागटा पाजले की पोट ताणते आणि पुन्हा उलटी होते. वाटी-चमचाच हातात घ्या. बाळाचे अंगावरचे दूध एक वेळही बंद करायचे नाही.

चवीबद्दल: संत्रा, सफरचंद, साधी अशा तिन्ही मिळतात. आमचे मत साध्या पुडीला. कालवून चाखली तर अश्रूंइतकी खारट लागली पाहिजे, त्याहून जास्त नाही. सुगंधी पुडीत ही चाखून घ्यायची सोय राहत नाही.

आता टेट्रापॅकचा विषय. गोड पेये वर्षानुवर्षे ओआरएसशी मिळत्याजुळत्या नावांनी औषधाच्या दुकानांत विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायची मुभा काढून घेतली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता, आणि मुलांच्या जिवासाठी एवढी चिकाटी दाखवणाऱ्या माणसाचे ऋण मानायलाच हवे. नाव बदलून तीच पेये त्याच फळीवर येऊ शकतात, म्हणून लेबल वाचायची सवय ठेवा. योग्य द्रावणात १०० मिलीलिटरमागे साखर सुमारे १.३५ ग्रॅम आणि सोडियम सुमारे १७० मिलिग्रॅम असते. साखर आठ-दहा ग्रॅम लिहिली असेल तर ते सरबत आहे. जुलाबात ते आतड्यात पाणी ओढते. तयार द्रावण हवेच असेल, तर लेबलवर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र आणि औषधाचा परवाना क्रमांक दोन्ही बघा.

पुडीची किंमत वीस-पंचवीस रुपयांच्या आसपास. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे फुकट. या फळ्यांवर यापेक्षा मोलाची वस्तू नाही.

झिंक: चौदा दिवस, त्याआधी बंद नाही

जुलाबाच्या प्रत्येक खेपेला ओआरएससोबत झिंक द्यायचे, ही शिफारस २००४ पासूनची आहे. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस; आपण पूर्ण चौदा धरायचे. विरघळणारी २० मिलिग्रॅमची गोळी घ्या. चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा आईच्या दुधात टाकली की मिनिटभरात विरघळते. लहान बाळाला अर्धी. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडली तर पुन्हा द्या.

नव्या पेशी तयार होण्यासाठी आणि घट्ट सांधे टिकण्यासाठी झिंक लागते, आणि जुलाबात ते शरीरातून वाहून जाते. गोळी देण्यामागचा हिशेब एवढाच. अडचण अशी, की जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळ्याही थांबतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब परतण्याची शक्यता कमी होते ती पूर्ण कोर्समुळे. म्हणून पट्टी घेताना चौदा गोळ्या मोजून घ्या. दहाची पट्टी मिळाली तर चार सुट्या मागा. सिरप घ्यायचे झाले, तर पाच मिलीलिटरमध्ये मूळ झिंक किती ते बघा. ‘झिंक सल्फेट’चे वजन आणि झिंकचे वजन वेगळे असते, आणि काही लेबलांवर मोठा आकडा सल्फेटचा असतो.

याच काउंटरवर जुलाबाला म्हणून लोपरामाइड आणि दोन प्रतिजैविके एकत्र असलेली गोळीही सहज पुढे येते. मुलांना लोपरामाइड नको. शौचात रक्त किंवा ताप असेल तर मोठ्यांनाही नको, कारण जंतू आणि विष आतच अडकून राहतात. प्रतिजैविक रक्ती आवेत, कॉलऱ्यात किंवा डॉक्टरांनी ठरवलेल्या आजारात. साध्या जुलाबात ते आतड्यातले उपयोगी जिवाणू मारते आणि मोठ्या आतड्याच्या पेशी ज्या ब्युटिरेट नावाच्या आम्लावर जगतात, ते हेच जिवाणू तयार करतात. अंगदुखीला रोज घेतली जाणारी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळीही याच यादीत धरा. ती प्रोस्टाग्लँडिन रोखते, म्हणून जठरातला संरक्षक श्लेष्म आणि रक्तपुरवठा दोन्ही घटतात. सोबतची ॲसिडिटीची गोळी जठराला सांभाळते, लहान आतड्याला नाही. छाटणीच्या हंगामात मजूर दोन-दोन आठवडे उपाशीपोटी या गोळ्या घेतात. त्यांना गोळी विकताना ‘जेवून घ्या आणि पाच दिवसांवर नको’ एवढे सांगणारा दुकानदार आमच्या लेखी उत्तम दुकानदार.

डबे, कॅप्सूल आणि तपासण्या

ग्लुटामिन हे आतड्याच्या पेशींचे इंधन आहे, हे खरे. पण जेवणारा माणूस डाळ, दूध, अंडी, मांस यांतून ते रोज मिळवतो. २०१९ मध्ये ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका चाचणीत, संसर्गानंतर सुरू झालेला आतड्याचा त्रास आणि वाढलेली पारगम्यता (अस्तरातून झिरपण्याचे प्रमाण) अशा रुग्णांना पाच ग्रॅम दिवसातून तीनदा, आठ आठवडे दिल्यावर फायदा दिसला. निवडक रुग्ण, ठरलेली मात्रा, ठरलेली मुदत. दुसऱ्या टोकाला २०१३ची मोठी चाचणी: अनेक अवयव निकामी झालेल्या अतिदक्षता रुग्णांना भरपूर ग्लुटामिन दिल्यावर मृत्यू वाढले. म्हणजे ‘नैसर्गिक आहे, नुकसान नाही’ हे वाक्य इथे चालत नाही. किडनी किंवा लिव्हरचा आजार असलेल्याने तर डबा उघडूच नये. पंधरा ग्रॅम रोजच्या हिशेबाने अडीचशे ग्रॅमचा डबा सतरा दिवसही पुरत नाही, म्हणजे आठ आठवड्यांना चार डबे. तेवढ्या पैशांत घरात महिनोन्महिने अंडी येतील.

प्रोबायोटिकच्या बाबतीत जात महत्त्वाची, डब्यावरचा ‘अब्ज’ हा आकडा नव्हे. प्रतिजैविकामुळे होणाऱ्या जुलाबात सॅकॅरोमायसिस बुलार्डी किंवा लॅक्टोबॅसिलस रॅम्नोससचा जीजी वाण उपयोगी पडतो, सुरुवात प्रतिजैविकासोबतच केली तर. बुलार्डी यीस्ट असल्याने प्रतिजैविकाने मरत नाही; जिवाणूंची कॅप्सूल मात्र प्रतिजैविकानंतर दोन तासांनी घ्या. मुलांच्या साध्या जुलाबात २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रोबायोटिकने काही फरक पडला नाही. ओडिशात मात्र साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॅक्टोबॅसिलस प्लांटारमच्या एका वाणाने जंतुसंसर्ग ठळकपणे घटले. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. वाण वेगळा, वय वेगळे. छातीतल्या किंवा मानेतल्या शिरेत नळी असलेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला बुलार्डी देऊ नये, यीस्ट रक्तात शिरू शकते. आणि पाकीट फ्रिजमध्ये ठेवायचे लिहिले असेल तर एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून घरी नेलेल्या मालात जिवंत किती उरले हा प्रश्नच आहे.

साधे अन्न या फळीवर नसते, म्हणून इथे सांगतो. जुलाबात मुलाला उपाशी ठेवू नका. आतड्याच्या पेशी पोषण बरेचसे आतड्यातल्या अन्नातूनच घेतात, उपासाने अस्तर पातळ होते. मऊ भात, पेज, वरण, दही, केळे चालते. वेल्लोरच्या डॉक्टरांनी २००० मध्ये कॉलऱ्याच्या रुग्णांना ओआरएसमध्ये न पचणारा स्टार्च घालून दिला, तेव्हा जुलाब कमी झाले आणि लवकर थांबले; तो स्टार्च मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या हाती पडून ब्युटिरेट होतो. शिजवून गार केलेल्या भातात असा स्टार्च थोडा असतो.

झोन्युलिनची तपासणी ‘लीकी गट पॅनल’ म्हणून हजारो रुपयांना विकली जाते. झोन्युलिन हे प्रथिन घट्ट सांधे सैल करते हे संशोधन खरे आहे. पण बाजारातल्या ज्या किटने ते मोजतात, ते किट प्रत्यक्षात दुसरीच प्रथिने पकडते असे २०१८ मध्ये दिसून आले. पारगम्यता खरोखर मोजायची पद्धत लॅक्ट्युलोज-मॅनिटॉलची आहे: दोन साखरा प्यायच्या, पुढचे काही तास लघवी गोळा करायची आणि दोन्हींचे गुणोत्तर काढायचे. तीही संशोधनासाठी. त्या अहवालावरून उपचार बदलत नाही, म्हणून पैसे घालवू नका.

एन९५: कापड नाही, बसणे महत्त्वाचे

नाशिक राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत आहे. सिंहस्थासाठीची रस्त्यांची खोदाई, क्रशर, हिवाळ्यात खाली बसणारा धूर, कांद्याच्या खळ्यातली धूळ: फुप्फुसावर येणारा भार बारमाही आहे. अडीच मायक्रॉनखालचे कण थेट हवेच्या पिशव्यांपर्यंत जातात. तिथे सूक्ष्म केस नाहीत; सफाईचे काम एका जातीच्या भक्षक पेशींवर पडते, आणि सिलिकाची धूळ असेल तर त्या पेशीच मरतात. या धुळीने फुप्फुसाला होणारी सिलिकोसिसची जखम मागे फिरत नाही, म्हणून अडवणे हाच उपाय.

मास्कमधला गाळणारा थर विद्युतभारित पॉलिप्रोपिलीनचा असतो. बारीक कण त्या भारामुळे चिकटतात, म्हणून एवढ्या पातळ कापडातून सहज श्वास घेता येतो. साबणाने धुतला किंवा सॅनिटायझर फवारला, की भार जातो आणि उरतो तो चांगला दिसणारा निकामी मास्क. धुता येणारा एन९५ म्हणून काही विकत असतील तर पुढच्या दुकानात जा. कोरड्या कागदी पिशवीत ठेवून तोच मास्क पुन्हा वापरता येतो. ओला झाला, पट्टा सैल पडला किंवा श्वास घ्यायला जोर लागू लागला की टाकायचा.

खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोचा आयएस ९४७३ हा क्रमांक आणि त्याखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव समोर येते. पाकिटावरच्या नावाशी जुळले पाहिजे. या मानकातला एफएफपी२ हा वर्ग एन९५च्या जवळपासचा. नुसते ‘एन९५’ छापलेला, क्रमांक नसलेला मास्क स्वस्त असला तरी घेऊ नका.

कानात अडकवायच्या पट्ट्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कितीतरी चांगले: वरचा डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालचा कानांखालून मानेवर. दोन्ही एकाच ठिकाणी गेले की हनुवटीखाली फट पडते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी एकाच वेळी दाबत खाली न्या; एका हाताच्या चिमटीने दाबली तर मध्ये टोक येते आणि दोन्ही बाजूंना वाट राहते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर नाकपट्टी पुन्हा बसवा, गालांवर आली तर पट्टे. श्वास आत घेताना मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. दाढीवर कुठलाच एन९५ बसत नाही. तीन-चार दिवसांचे खुंटही गळतीला पुरते. आणि झडपेचा मास्क घालणाऱ्याला वाचवतो, समोरच्याला नाही, म्हणून घरात क्षयरोग किंवा फ्लूचा रुग्ण असेल तर त्याला झडपेचा देऊ नका.

द्राक्षबागेसाठी वेगळे सांगायला हवे, कारण गैरसमज मोठा आहे. एन९५ कण अडवतो, वायू आणि वाफा अडवत नाही. गंधकाच्या भुकटीची धुरळणी करताना तो उपयोगी. पण कीटकनाशकांच्या वाफा, सल्फर डायऑक्साइड, अमोनिया यांच्यापुढे तो नाही घातल्यासारखाच. तिथे वाफ शोषणारी काडतुसे लागलेला अर्ध्या चेहऱ्याचा रबरी रेस्पिरेटर हवा, वर कणांसाठीचे पॅड लावून. काडतुसाचे पाकीट फोडल्याची तारीख त्यावरच लिहा; उघडे ठेवले तरी कोळसा हवेतले शोषत राहतो. वास येऊ लागला म्हणजे ते संपून गेलेले असते. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटण्यासाठी लावायचे हायड्रोजन सायनामाइड तर मुख्यतः कातडीतून जाते, तिथे नायट्राइलचे लांब हातमोजे आधी. लावल्याच्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारू पूर्ण वर्ज्य. दोन्ही एकत्र आले की चेहरा लालबुंद होतो, रक्तदाब कोसळू शकतो. ही सूचना विक्रेत्याने मजुरांपर्यंत पोचवायला हवी. बहुतेकदा ती मालकापाशीच अडते.

काँक्रीट किंवा फरशी कापणाऱ्यांनी मास्क दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिले, पात्यावर पाण्याची धार.

नेब्युलायझर, वाफ आणि थेंब

घरगुती कॉम्प्रेसर नेब्युलायझर चांगले यंत्र आहे, पण त्याचा कप घाण राहिला तर जंतूंचा फवारा थेट श्वासनलिकेत जातो. औषध आणि ०.९ टक्के सलाइन मिळून तीन-चार मिलीलिटर भरा. कमी असेल तर बरेचसे औषध कपाच्या भिंतीला चिकटून राहते. नळाचे पाणी कधीच नाही. प्रत्येक वेळेनंतर कप सुटा करून साबणाने धुवा, उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळा, कपड्याने न पुसता वाऱ्यावर वाळवा. बुडेसोनाइड हे स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरा, मुलांचा मास्कखालचा चेहरा पुसा. दम्याच्या बहुतेक मुलांना स्पेसर (फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी) लावलेला पंप तेवढेच काम देतो, कमी पैशांत आणि विजेविना. त्यामुळे यंत्र घेण्याआधी डॉक्टरांना हे नक्की विचारा. कपात निलगिरीचे तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा घरगुती काढा टाकायला सांगणाऱ्याचे ऐकू नका. तेल हवेच्या पिशव्यांत गेले तर न्यूमोनिया होतो. पेरॉक्साइड ज्या अस्तराला वाचवायचे त्यालाच भाजते.

वाफेने नाक मोकळे वाटते, तेवढेच. विषाणू मरत नाही, आणि भांडे कलंडून मुले भाजतात. ‘लंग डिटॉक्स’च्या थेंबांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

फ्लूची लस मेडिकलमधून घेऊन दवाखान्यात न्यायची असेल, तर बर्फाच्या पिशवीला कुपी थेट टेकू देऊ नका. मध्ये कागद किंवा कापड ठेवा. तापमान दोन ते आठ अंश हवे, आणि गोठलेली लस बाद होते. फ्लूचा विषाणू सूक्ष्म केसांच्या पेशी मारतो आणि त्या उघड्या जागेवर न्यूमोनियाचा जिवाणू न्यूमोकोकस बसतो, म्हणून साठीपुढच्यांनी, मधुमेही आणि दमेकऱ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी आणि न्यूमोकोकसच्या लसीबद्दल विचारावे.

काही लक्षणांत मात्र यातले काहीच घेत बसू नका, रिक्षा करून जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे निघा. मूल सुस्त पडलेले, डोळे खोल गेलेले, पोटावरची कातडी चिमटून सोडली तर दोन सेकंदांनंतरही उभी, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त, हिरवी उलटी. श्वासाच्या बाबतीत: बरगड्यांखाली खड्डा पडणे, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. आणि वाटेत, मूल शुद्धीवर असून गिळत असेल तोवर, ओआरएस चमच्याने चालूच ठेवा.